ट्रॅव्हिसचा गुडघा

शुगर लँड, टेक्सास
दिवाळीनंतरचा शनिवार

प्रिय सुमे,

ऋषी तुरुंगात आहे. आधी खुशाली विचारावी, तुझ्या नव्या टीमच्या पोरींची चौकशी करावी आणि मग हळूच सांगावं, म्हणून दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही कागद चुरगळून फेकले. मला आडवळणाने बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तर ऋषी इथल्या काउंटी जेलमध्ये आहे. त्याने ट्रॅव्हिसचा गुडघा बॅटने फोडला असं पोलीस म्हणतात, आणि ऋषीही तेच म्हणतो. पोलीस चुकतायत आणि माझा मुलगा खोटं बोलतोय. पुढच्या महिन्यात तो कोर्टात गुन्हा कबूल करून सही करणार आहे. सही झाली की आठ वर्षं. आत्ता सव्विसाचा आहे, म्हणजे बाहेर येईल तेव्हा अर्धं तारुण्य संपलेलं असेल.

दिवाळीत तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी सांगितलं की त्याला नवी नोकरी लागली आहे, ट्रेनिंगला डेन्व्हरला गेलाय, फोन जवळ ठेवू देत नाहीत. त्याआधी सांगितलं होतं की गाडीच्या दारात बोटं सापडली म्हणून हाताला प्लास्टर आहे. दोन्ही शुद्ध थापा. तुला काही कळू द्यायचं नाही अशी ऋषीने मला शपथ घातली होती, ती आज मोडते आहे. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर मी तुझ्यावर ओरडले असते, तू रडली असतीस आणि कामाचं बोलणं राहून गेलं असतं. कागदावर ओरडलं तर तुला निदान मधे थांबून पाणी पिता येईल.

तू इथे होतीस ते अडीच महिने आठव. ग्रॅकल्स, म्हणजे तुझे 'कावळे' (जर्सीवरचा काळा पक्षी बघून पहिल्याच दिवशी तू बारसं केलंस), किती पुढे निघून गेले होते! बेसबॉलच्या मोठ्या लीगने ज्यांना घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, अशा पोरांची ही छोटी लीग. पण गावाचा जीव त्या टीममध्ये. तेलाच्या कामावरून थेट आलेली माणसं, त्यांच्या बायका, आज्या, सगळे त्या चिकट उकाड्यात घामाच्या धारा पुसत बसायचे. शेवटच्या इनिंगला ऋषी बॉल टाकायला आला की अख्खं स्टेडियम उभं राहायचं, आणि तू माझा दंड असा आवळायचीस की दुसऱ्या दिवशी निळा पडायचा. तूही आपल्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, पिचर पिचरला बघत होती. ऑगस्ट अर्धा झाला तेव्हा दुसऱ्या नंबरची टीम इतकी मागे होती की गावातल्या बेकरीवाल्याने काचेवर 'चॅम्पियन्स' रंगवूनसुद्धा टाकलं. एका मोठ्या क्लबचा माणूस ऋषीला दोनदा बघून गेला होता. सीझन असाच संपव, मग आपण कागदावर बोलू, असं म्हणाला होता. ऋषीची ती शेवटची संधी होती. या वयात इथे पिचर म्हातारा धरतात.

आणि ट्रॅव्हिस, कावळ्यांचा कॅचर, ऋषीचे बॉल झेलणारा. तेहतीस वर्षांचा, बैलासारख्या मानेचा, आपल्या टेबलावर बसून चार-चार थालीपिठं रिचवणारा आणि वर ताक मागणारा. मला 'मिस उल्का' म्हणायचा, तुला 'मिस सुमी'. मीही कॅचर होते, म्हणून मला तो पहिल्यापासून आवडला, हे तुझ्यापासून काय लपवू? त्याने त्याची बॉल झेलून वाकडी झालेली बोटं टेबलावर पसरली, मी माझी शेजारी ठेवली, आणि माझीही दोन बोटं तशीच वाकडी बघून तो टेबल बडवत हसला होता. चॅम्पियनशिप मिळाली तर पुढच्या वर्षी त्याला टीमचा कोच करू असं मालकाने कबूल केलं होतं. दुसरं काही येत नाही मला, मिस उल्का, असं तो एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला होता.

आता तुझ्या जाण्याचा दिवस. आदल्या मॅचला ऋषीचं मनगट मुरगळलं होतं. तू सकाळी उठून गूळ, हळद आणि चुना कालवलास. तो चुना तू अमरावतीहून डबीत घालून आणला होतास आणि मी तुला हसले होते. सॉफ्टबॉलच्या शिबिरात आपले कोच राजाराम सर आपल्याला हाच लेप लावायचे, स्वतः कालवून, आणि आपल्या सगळ्या पोरी पिवळे हात घेऊन हिंडायच्या. तू ऋषीच्या मनगटावर, पार अंगठ्याच्या बुंध्यापर्यंत तो गरम गरम थापलास आणि म्हणालीस, "धुऊ नको रे राजा, आपोआप सुकून पडू दे." तो धुणार नव्हताच. माझं सांगणं तो दहादा मोडेल, तुझं एकदाही नाही. संध्याकाळी त्याने सुकलेला थर खरवडला, ओल्या टॉवेलने पुसलं आणि मॅनेजरला, म्हणजे त्यांच्या मुख्य कोचला दाखवलं. तो म्हणाला, लांब बाहीचा शर्ट घाल आणि चल. आम्ही तुला विमानतळावर सोडून तसेच स्टेडियमवर गेलो. तू आकाशात होतीस तेव्हा ऋषी शेवटची इनिंग टाकायला आला. हवा अशी दमट होती की श्वास घ्यायला जड जात होता. बाहीखाली राहिलेला गूळ घामाने पाघळला आणि तळहातात उतरला. पिचरच्या हाताला चिकट काही असलं की बॉल जास्त वळतो, म्हणून इथे अंपायर हात तपासतात, हे ऋषीने तुला दाखवलं होतं. त्या संध्याकाळी अंपायरने ऋषीच्या तळहातावर आपला अंगठा दाबला आणि उचलला, तर तळहाताची हळदीने पिवळी झालेली कातडी अंगठ्याला चिकटून वर आली. मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी ते पाहिलं.

तो तुझा लेप होता, सुमे. घे, सांगून टाकलं. पाणी पी.

ऋषीने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की हा घरगुती लेप आहे, मनगट दुखतंय, मॅनेजरला विचारा. मॅनेजर दहा पावलांवर उभा होता, जमिनीकडे बघत. पण ऋषी म्हणाला, मी लावलं, पकड यावी म्हणून. घरी मी त्याला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "आई, सुमी मावशीचं नाव आलं तर हे लोक तिला सोडणार नाहीत. आणि शी विल डाय इफ शी नोज. नॉट अ वर्ड." दहा मॅचची बंदी आली. बंदी संपल्यावरसुद्धा मॅनेजरने त्याला उतरवलं नाही, कारण उतरवला तर लोक स्टेडियम पेटवतील, म्हणाला. क्लबचा माणूस फोन उचलेनासा झाला.

मग कावळे पटापट पडायला लागले. जिंकत आणलेली मॅच शेवटच्या इनिंगला हरायची, ही त्यांना सवयच लागली. ऋषीच्या जागी उतरवलेला विशीतला पोरगा घाबरून सरळसोट बॉल टाकायचा आणि समोरचे त्याला झोडपून काढायचे. तिसऱ्या पराभवाला लोकांनी बाटल्या फेकल्या. चौथ्याला कुणीतरी रेडिओतला जाडजूड सेल भिरकावला, तो त्या पोराच्या भुवईवर बसला, आणि रक्ताने डोळा भरलेला असताना लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या मागच्या रांगेत दोन माणसं एकमेकांच्या नरड्याला लागली, शाळेत बरोबर शिकलेली माणसं, कोणता खेळाडू जास्त नालायक यावरून. एकाचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं तो आवाज मी अजून ऐकते. पार्किंगमध्ये त्यांनी ऋषीच्या नंबराची जर्सी घातलेला पेंढ्याचा बाहुला केला, त्याच्या हातात भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घातले, खांबाला गळफास लावून टांगला आणि पेटवला. रबर वितळून थेंब थेंब खाली पडत होतं. लहान मुलं खांद्यावर बसून बघत होती. नवऱ्याने, संजयने, मला दंडाला धरून ओढत गाडीकडे नेलं, तर माझ्या गाडीची पुढची काच फोडलेली. दुसऱ्या दिवशी आमच्या टपालपेटीत मान मुरगळलेला ग्रॅकल निघाला, पायांना पिवळी रिबीन बांधलेला.

महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळची गोष्ट ऐक. या वर्षी बसवू नकोस असं संजय म्हणत होता, मी ऐकलं नाही. आरती झाली, पाहुणे जेवायला बसले, आणि पुढच्या खिडकीतून वीट आली. ती ज्येष्ठेच्या तोंडावर बसली. मुखवटा फुटला, ती साडी-दागिन्यांसकट पुढे कोसळली, पुरणपोळ्यांवर काचांचा सडा पडला आणि संजयच्या कपाळातून रक्त यायला लागलं. पोलीस आला. त्याने खिडकीतून टॉर्च मारला, तर साडी नेसलेली, डोकं नसलेली बाई जमिनीवर पालथी पडलेली! त्याचा हात पिस्तुलावर गेला. मी ओरडत होते, "गॉडेस, गॉडेस!" आणि तो मला विचारत होता, "मॅम, इज शी ब्रीदिंग?" एरवी आपण दोघी यावर वर्षभर हसलो असतो. त्या संध्याकाळी मी तुटलेला मुखवटा ओच्यात घेऊन बसले आणि पहिल्यांदा तुला शिव्या दिल्या. तोंडाने दिल्या, मोठ्याने. संजयला वाटलं मी वीट मारणाऱ्याला देतेय.

सीझनची शेवटची मॅच हरून ग्रॅकल्स बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाडू आपापलं सामान न्यायला येणार होते. ऋषीला नको जाऊस म्हटलं. तो म्हणाला, माझा ग्लोव्ह आहे तिथे. पुढचं मला शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या पोराच्या आईने, नीनाने सांगितलं. तुझ्या शेजारी बसून खारे शेंगदाणे खायची ती. तिच्या मुलाने पाहिलं, त्याला दोघांनी धरून ठेवलं होतं. सकाळीच मालकाने ट्रॅव्हिसला सांगितलं होतं की कोचची जागा नाही, आणि पुढच्या वर्षी खेळाडू म्हणूनही नाही. ऋषी आपल्या पिकअपमध्ये सामान ठेवत होता. ट्रॅव्हिसने त्याला मागून ढकललं, त्याचा उजवा हात पिकअपच्या मागच्या फळीवर दाबून धरला आणि विचारलं, "हाच ना तो हात?" मग बॅट घातली. थांबला, बॅट नीट धरली, पुन्हा घातली. आणि मग आणखी एकदा. नीनाचा मुलगा म्हणतो की तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, ओल्या कापडावर मारल्यासारखा. ऋषी ओरडला नाही म्हणे. खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला.

डॉक्टरने फोटो दाखवले. हात नव्हताच तो, पिशवीत भरलेला चुरा होता. सळया घातल्या, प्लेटा घातल्या. चमचा धरता येईल, शर्टाची बटणं बहुतेक लावता येतील. बॉल विसरा, म्हणाला. आणि ऋषीने पोलिसांना काय सांगावं? दार लागलं! डॉक्टरने मान हलवली, दार तीनदा लागत नाही म्हणाला, पण ऋषी हटून बसला. मी त्याच्या पाया पडायची बाकी होते. तो म्हणाला, "ट्रॅव्हिसचंही सगळं गेलं आई. लेट इट गो, प्लीज." सुमे, हा मुलगा कुणावर गेलाय? आपल्याकडे कुणी असा नव्हता. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी स्वयंपाकघरात जाऊन पोळपाट भिंतीवर फेकला. त्याचे दोन तुकडे झाले, आणि तेवढ्याने माझं भागलं नाही.

त्यानंतर एका मंगळवारी दुपारी संजय ऑफिसला होता, ऋषी औषधाच्या गुंगीत सोफ्यावर झोपला होता. गॅरेजमधून त्याची शाळेतली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेतली. माझी गाडी काच बसवायला दिलेली, म्हणून त्याची पिकअप काढली. ट्रॅव्हिस आता गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात पोती उचलतो हे मला नीनाकडून कळलं होतं. दुकानाच्या मागच्या आवारात तो एकटाच होता, पाठमोरा, वाकून पोतं खांद्यावर घेत होता. मी चालत गेले. घाई केली नाही. पाय रोवले, आणि खरं सांगते, राजाराम सर कानात ओरडल्यासारखे वाटले, "कंबर फिरव गं पोरी, हात येतात मागून!" कंबर फिरवली. बॅट त्याच्या उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने बसली. हातात झिणझिण्या आल्याच नाहीत, इतकी ती मधोमध बसली. तुला कळेल मी काय म्हणतेय ते. तो पोत्यासकट पडला, वळला आणि त्याने मला पाहिलं. "मिस उल्का," म्हणाला. जेवायला बोलवायला आले असेन अशा आवाजात. आणि मग मी दुसरा मारला, समोरून, गुडघ्याच्या वाटीवर. दुसरा पहिल्यापेक्षा चांगला बसला.

मला बरं वाटलं. तुला खोटं कशाला सांगू? घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. घरी आले, बॅट ओट्यावर ठेवली आणि कुकर लावला. शिट्टीने ऋषी उठला, ओट्याजवळ आला, बॅटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने बॅट उचलली आणि आपल्या पिकअपमध्ये सीटखाली नेऊन ठेवली. मला वाटलं तो ती लपवतोय. तो ती स्वतःच्या नावावर करून घेत होता. दुकानाच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात पिकअपचा नंबर आला होता. पोलीस दारात आले तेव्हा मी पदराला हात पुसत पुढे होईपर्यंत तो म्हणून मोकळा झाला होता, "आय डिड इट. डाव्या हाताने."

मी सांगितलं ना त्यांना! तिथेच सांगितलं, मी मारलं, मला न्या. तो पोलीस चांगल्या घरचा असावा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मॅम, माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती." पोलीस चौकीत जाऊन सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि मला कॉफी दिली. आमचा वकील कुमार, इथेच जन्मलेला, मराठी समजतं पण बोलताना अडखळतो, त्याला बॅट कशी धरली ते लाटणं घेऊन दाखवलं. त्याने फार प्रेमाने ऐकलं. मग म्हणाला, "काकू, जुरी तुमच्याकडे बघेल." म्हणजे काय, तर पाच फूट उंची, अठ्ठावन्न वर्षं, चष्मा, कुंकू. बोटं दाखवली, तर म्हणाला, आर्थ्रायटिस. बॅटवर माझे ठसे आहेत, पण घरच्या वस्तूवर घरच्या बाईचे ठसे असणारच. ट्रॅव्हिसने जबाबात सांगितलं की कुणीतरी मागून आलं, चेहरा दिसला नाही. मला यात त्याचा मोठेपणा अजिबात दिसत नाही. माझं नाव घेतलं तर मी का आले होते ते निघेल, आणि मग ऋषीच्या हाताचं निघेल. तो स्वतःला वाचवतोय. त्याच्या बाजूच्या डॉक्टरने लिहून दिलंय की असा फटका तयारीच्या खेळाडूचाच असतो. झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. खेळाडू म्हणजे ऋषी.

घरातही तीच तऱ्हा. संजय माणूस वाईट नाही, पण परवा म्हणाला, "उल्का, वकिलाला इरिटेट करू नकोस यार. तुझ्या हातात बॅट मी कधी पाहिली तरी आहे का?" खरंच नाही पाहिली. लग्न ठरवताना बाबांनी 'मुलगी शाळेत थोडंफार खेळायची' एवढंच सांगितलं होतं, आणि पुढे कुणी विचारलं नाही. ऋषी लहान असताना मी अंगणात ग्लोव्ह घालून त्याचे बॉल झेलायची, ते संजयला आठवतं. पण बॉल झेलणारी आई वेगळी आणि पाय तोडणारी वेगळी, असं कुमारचं म्हणणं. प्रमाणपत्रं बाबांचं घर विकलं तेव्हा रद्दीत गेली. सर गेले. टीममधल्या दोघी वारल्या, बाकीच्या कुठे नांदतायत देव जाणे. ऋषीला जामीन मिळत होता, त्याने घेतला नाही. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात म्हणे. आणि घरी आलो तर आई दिवसभर डोकं खाईल, असं कुमारला म्हणाला आणि हसला. काचेपलीकडून त्याला भेटते. तो डाव्या हाताने कान खाजवतो, उजवा मांडीखाली ठेवतो, मला दिसू नये म्हणून. मी काही बोलायला गेले की म्हणतो, "आई, चूज अनदर टॉपिक."

मी तुला दोष देते का? देते. तोंडदेखलं कशाला नाही म्हणू? तू लेप लावलास, त्याला धुऊ नको म्हणालीस. तो मॅनेजर भित्रा निघाला, लोक पिसाळले, ट्रॅव्हिसने हात चिरडला, मी गुडघा फोडला. प्रत्येकाचं आपापलं आहे. पण बघ ना, या सगळ्या गावात आपापलं उचलायला कुणी तयार नाही, आणि जो सगळ्यांचं उचलायला बसलाय त्याचं यात काहीच नव्हतं. तुझंही त्यानेच उचललं, माझंही. तुला दोन महिने शिव्या घालून मी इथपर्यंत आले आहे. आता दमले.

म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको, रडणं नको, पैसे तर नकोतच. मला साक्षीदार हवी आहे. मला बॅट फिरवताना पाहिलेली, आणि शोधून सापडेल अशी, जगात एकच बाई उरली आहे, आणि ती तू. तुझा व्हिसा अजून चालू आहे, सही व्हायच्या आधी ये. तुला कोर्टात लेपाचंही विचारतील, ते सांगावं लागेल, पेपरात तुझं नाव येईल, लोक वाटेल ते बोलतील, हे सगळं धरून ये. ऋषी तुझ्याशी बोलणार नाही, काचेपलीकडून तोंड फिरवेल, तरी ये. आणि जुरीसमोर उभी राहिलीस की माझ्याबद्दल एकही चांगला शब्द बोलू नकोस. उल्का साधी आहे, देवभोळी आहे, मुलावर फार जीव आहे, असं तू एकदा जरी म्हणालीस तरी माझं पोर आठ वर्षं आत जाईल. त्यांना यवतमाळची मॅच सांग. माझ्या फटक्याने त्यांच्या पिचरचा जबडा तुटला, ती मैदानात तडफडत होती, सगळ्या खेळ सोडून तिच्याकडे धावल्या, आणि मी एकटी बेस पळत राहिले, चौथा बेस गाठेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. त्या रात्री तू माझ्याशेजारी झोपायला तयार नव्हतीस, भीती वाटते म्हणालीस. तेच सांग. मला शिक्षेची भीती वाटते सुमे, फार वाटते. पण ती माझी आहे, मला माझ्या मुलाकडून परत घ्यायची आहे, आणि मी असं काही करू शकते हे इथे कुणालाच खरं वाटत नाहीये. तुला वाटेल.

तुझीच, आणि आता तुझ्याच भरवशावर,
उल्की